निबंध तपासणारे यंत्र



ज्याचे सारे आयुष्य कामगार संघटनेत गेले त्या माणसाने विद्यार्थ्यांच्या निबंधांविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. आमच्याजवळ पदवी नाही. रात्रशाळेतून दहावी झालो. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. दुसऱ्याच्या कामाची मोजदाद कोणी करावी, कोणत्या मापाने करावी, आणि मापात खोट निघाली तर दाद कोठे मागावी, या प्रश्नापायी आम्ही तीस वर्षे कारखान्यांच्या दारांशी उभे आहोत. आज तोच प्रश्न महाविद्यालयाच्या दारात येऊन ठेपला आहे. विद्यार्थ्याचा निबंध प्रथम यंत्र वाचते. त्यातला किती टक्के मजकूर इतरत्र आढळतो याचा आकडा काढते. आणि त्याच पडद्यावर शिक्षक तयार शेरे डकवून गुण देतो. चोरी पकडण्याचे यंत्र आणि गुण देण्याचे यंत्र अशी ही दोन यंत्रे होती. ती एका पेटीत कशी आली, याची हकीकत सांगण्याचा आज विचार आहे.

ही हकीकत संगणकाच्या बरीच अगोदर सुरू होते. इंग्लंडात 1862 साली रॉबर्ट लो यांनी शाळांच्या अनुदानाचा नवा नियम आणला. मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, अंकगणित या तीन विषयांतले यश पाहून शाळेला पैसे द्यायचे. सरकारी तपासनीस वर्षातून एकदा येणार, एकेका मुलाला उभे करणार, आणि नापास मुलामागे अनुदान कापणार. आमच्या भाषेत हा सरळसरळ उक्त्या कामाचा दर झाला. माल मात्र कापडाचा तागा नसून आठ वर्षांचे पोर. परिणाम व्हायचा तोच झाला. मास्तर वाचनपुस्तक तोंडपाठ करून घेऊ लागले आणि जे परीक्षेत नाही ते वर्गातून हद्दपार झाले. मॅथ्यू आर्नल्ड हे नामवंत कवी स्वतः शाळातपासनीस होते आणि त्यांनी या पद्धतीला कडाडून विरोध केला. परंतु ती मोडून निघण्यास एकट्या विद्वानाचा विरोध पुरला नाही. 1870 मध्ये प्राथमिक शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला, तेव्हा 1890 नंतरच्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्याने गेली. शिक्षकांच्या संघटनेची ही जुनी लढाई आमच्या चळवळीतल्या लोकांनाही फारशी ठाऊक नसते, म्हणून येथे थोडे थांबलो.

पहिले खरेखुरे तपासणी-यंत्र एका शाळामास्तराच्या डोक्यातून निघाले. रेनॉल्ड जॉन्सन हे अमेरिकेत मिशिगन राज्यात शिकवीत असत. पेन्सिलीच्या शिशाच्या रेघेतून वीज वाहते, हे त्यांना लहानपणीच्या एका खोडीमुळे ठाऊक होते. बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारींच्या ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर ते पेन्सिलीने रेघा ओढून ठेवीत, म्हणजे मोटार सुरू होत नसे! याच गुणधर्मावर त्यांनी उत्तरपत्रिकेतील खुणा मोजणारे यंत्र रचले. आय.बी.एम. कंपनीने 1934 मध्ये त्यांना नोकरीत घेतले आणि 1938 साली ते यंत्र बाजारात आणले. त्याला इतकेच कळे, की नेमल्या जागी खूण आहे किंवा नाही. वाक्य त्याला कळत नव्हते आणि कळते असा त्याचा दावाही नव्हता. या प्रामाणिकपणाबद्दल त्या यंत्राविषयी आम्हांला थोडा आदर वाटतो.

वाक्य तपासण्याचा दावा 1966 मध्ये आला. एलिस पेज हे पूर्वी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवीत असत. पुढे कनेटिकट विद्यापीठात प्राध्यापक झाले. रविवारच्या रविवार निबंधांचे गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षकांचे हाल त्यांनी भोगलेले होते. त्यांनी विचार केला, की निबंधाचे खरे गुण, म्हणजे ओघ, शब्दांची निवड, विचारांची मांडणी, यंत्राला दिसणार नाहीत हे उघड आहे. पण या गुणांबरोबर सहसा आढळणाऱ्या खुणा मोजता येतील. निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, स्वल्पविरामांची संख्या, क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे प्रमाण अशा खुणा त्यांनी घेतल्या. विद्यार्थ्यांचे निबंध छिद्रांच्या कार्डांवर उतरवून संगणकाला दिले आणि माणसांनी दिलेल्या गुणांशी त्या खुणांचे गणित जमवले. दोन परीक्षकांचे एकमेकांशी जितके जुळते, जवळजवळ तितकेच यंत्राचे त्यांच्याशी जुळले, आणि पेज यांनी हा काळ आता जवळ आल्याचे जाहीर केले.

हे समजण्यास आमच्या ओतकाम खात्याचा दाखला घ्या. भट्टीपुढे जो जास्त राबतो त्याला घाम जास्त येतो. तेव्हा घाम मोजून मजुरी ठरवली तर महिनाभर हिशेब बहुधा बरोबर येईल. पण घामाला पैसे आहेत हे एकदा खात्यात कळले, की दुसऱ्या महिन्यापासून माणसे अंगावर पाणी शिंपडून हजेरीला उभी राहतील. अमेरिकेत असेच घडून आले. 1999 पासून तेथील व्यवस्थापन-अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेत निबंधाला एक परीक्षक माणूस आणि दुसरा यंत्र अशी जोडी बसली. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेतले लेस पेरेलमन यांनी 2014 मध्ये काही विद्यार्थ्यांच्या मदतीने एक उलटे यंत्र बनवले. त्याला दोन-तीन शब्द दिले, की ते लांबलचक, भारदस्त आणि पूर्णपणे निरर्थक निबंध तयार करी. तपासणी-यंत्रांनी अशा निबंधांना उत्तम गुण दिले.

आता दुसऱ्या यंत्राकडे, म्हणजे चोरी पकडणाऱ्या यंत्राकडे वळू. त्याचा जन्म संगणकशास्त्राच्याच वर्गात झाला. 1976 साली पर्ड्यू विद्यापीठात कार्ल ओटनस्टाइन यांनी विद्यार्थ्यांच्या फोरट्रान भाषेतील प्रोग्रॅमांसाठी एक युक्ती काढली. प्रत्येक प्रोग्रॅमातील क्रियाचिन्हे किती प्रकारची व एकंदर किती वेळा आली, पदे किती प्रकारची व एकंदर किती वेळा आली, असे चार आकडे काढायचे. दोन विद्यार्थ्यांचे चारही आकडे तंतोतंत जुळले, की ते दोन कागद शिक्षकाने स्वतः शेजारी ठेवून पाहायचे. शेवटचे पाऊल माणसाचे होते, हे लक्षात ठेवावे. 1994 मध्ये ॲलेक्स एकेन यांनी केलेला ‘मॉस’ हा कार्यक्रमही मुळात याच वळणाचा. तो दोन प्रोग्रॅमांतले सारखे भाग दाखवतो. आरोप करीत नाही.

निबंधांच्या बाबतीत हेच काम 1990 नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे सुरू झाले. जॉन बॅरी हे तेव्हा तेथे संशोधक विद्यार्थी असून शिकवण्याचेही काम करीत. मुलांनी एकमेकांचे निबंध वाचून सुधारणा सुचवाव्यात म्हणून त्यांनी ते इंटरनेटवर ठेवले. तेव्हा निबंधांची उचलाउचल त्यांच्या ध्यानात आली. त्यातून एक कंपनी निघाली आणि तिच्या मालाचे नाव टर्नइटिन. 2002 मध्ये ब्रिटनमधील विद्यापीठांसाठी तेथील राष्ट्रीय सेवेने हे यंत्र उपलब्ध करून दिले, आणि तेव्हापासून त्याचा प्रसार झपाट्याने झाला.

त्याचे काम समजण्यास अवघड नाही. निबंधाचे काही शब्दांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा अंगठ्याच्या ठशासारखा एक आकडा करायचा, आणि तो कोठारातल्या आकड्यांशी ताडून पाहायचा. कोठारे तीन : इंटरनेटवरील पाने, छापील नियतकालिके व पुस्तके, आणि पूर्वी तपासायला आलेले विद्यार्थ्यांचे निबंध. जुळलेल्या मजकुराचे प्रमाण टक्क्यांत निघते आणि त्याला रंग मिळतो. काहीच जुळले नाही तर निळा, 24 टक्क्यांपर्यंत हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी, आणि 75 पासून पुढे लाल. आपण चोरी सांगत नसून केवळ साम्य सांगतो, असे कंपनी स्वतःच म्हणते. पण चौकातला लाल दिवा पाहून थांबायची ज्याला सवय आहे, त्या माणसाच्या डोळ्यांना हा फरक कोण सांगणार? शिवाय रंग फसवा आहे. चार पानांच्या निबंधात पाऊण पान शब्दशः उचलणाऱ्याला हिरवा मिळतो. आणि ज्याने अवतरणचिन्हे देऊन, मूळ ग्रंथाचे नाव लिहून उतारे घेतले, तो पिवळ्यात जातो. 2020 मध्ये युरोपातील संशोधकांनी अशी 15 साधने आठ भाषांत पारखून पाहिली. त्यांचे मत असे पडले, की ही साधने काही सारखा मजकूर दाखवतात, सगळा नाही. आणि वाङ्मयचौर्य झाले की नाही हे ठरवणे माणसाचेच काम राहते.

त्या तिसऱ्या कोठाराकडे आमचे लक्ष सहजच जाते. तो माल कोणाचा? विद्यार्थ्याने लिहिला, गुणांसाठी सक्तीने जमा केला, आणि तो ज्या कोठारात पडला त्याच्या जोरावर कंपनी पुढच्या विद्यापीठाकडून वर्गणी घेते. हा प्रश्न आम्ही नव्हे, शाळकरी मुलांनीच प्रथम विचारला. व्हर्जिनिया राज्यातील मॅक्लीन हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी 2006 मध्ये या सक्तीविरुद्ध समिती स्थापन केली. 2007 मध्ये तेथील आणि ॲरिझोनातील मिळून चार विद्यार्थी न्यायालयात गेले. आपल्या निबंधांवर त्यांनी ‘हा कोठारात ठेवू नये’ असे लिहून ठेवले होते. मार्च 2008 मध्ये निकाल विरुद्ध गेला आणि एप्रिल 2009 मध्ये अपिलातही तोच कायम झाला. निबंधाचा उपयोग वाचण्यासाठी होत नसून तुलनेसाठी होतो, त्यामुळे मूळ लेखकाच्या बाजारपेठेला धक्का लागत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. मात्र बाजारपेठ कोणाची तयार झाली ते पुढच्या आकड्यांवरून पाहा : 2014 मध्ये ही कंपनी 75 कोटी 20 लक्ष डॉलरांना विकली गेली, आणि 2019 मध्ये 175 कोटी डॉलरांना. निबंध लिहिणाऱ्यांच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. कॅनडातील मॅगिल विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने यंत्राकडे निबंध देण्यास नकार दिला आणि त्याला शून्य मिळाले. 2004 च्या जानेवारीत विद्यापीठाने त्याचे निबंध यंत्राविना तपासण्याचे मान्य केले. एकट्याने लढून मिळालेला असा विजय आमच्या पाहण्यात फार थोडा आहे.

आम्ही चोरांची वकिली करीत नाही. संघटनेची आमची पत्रके दुसऱ्यांनी मुद्रणदोषांसकट उचललेली आम्ही पाहिली आहेत, आणि राग येतोच. दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर खपवणे हा गुन्हा आहे. कामगार चळवळ तरी दुसरे काय सांगते?

आता शेऱ्यांचा भाग. टर्नइटिनमध्ये साम्य-अहवालाच्या शेजारीच गुण देण्याची सोय आली. शिक्षकाने तयार शेऱ्यांच्या संग्रहातून ‘संदर्भ द्या’, ‘वाक्यरचना बोजड’, ‘स्वल्पविराम चुकला’ असा शेरा उचलून ओळीवर ठेवायचा. शुद्धलेखनाच्या चुका यंत्र आपण होऊन दाखवते. 2014 मध्ये याच कंपनीने यंत्राने निबंधाची प्रतवारी करणारी एक छोटी कंपनीही विकत घेतली. पेज यांचे यंत्र आणि बर्कलीचे यंत्र एका छपराखाली आले ते येथे.

याने शिक्षकाचा वेळ वाचतो, हे आम्ही नाकारीत नाही. एकच चूक शंभर कागदांवर शंभर वेळा लिहिण्यात पुण्य नाही. परंतु वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो? कारखान्यात नवे यंत्र आले, की एक यंत्र चालवणाऱ्याला दोन द्यायची ही मालकाची जुनी रीत. शिक्षकाचा वाचलेला तास विद्यार्थ्याला समोर बसवून बोलण्यासाठी मिळाला तर यंत्राचे स्वागतच आहे. पण वर्गात साठाच्या जागी नव्वद मुले भरली, तर यंत्राने शिक्षकाचे काम हलके केले असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आपल्या महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर राबणारे कितीतरी अध्यापक आहेत. त्यांना वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात. घरी नेलेल्या गठ्ठ्याचे कोण देतो? अशा माणसाने तयार शेरा डकवला तर त्याला दोष द्यायला आमची जीभ उचलत नाही.

तरी शेरा म्हणजे काय, हे आम्ही रात्रशाळेत शिकलो. तेथले एक गुरुजी समासात लाल शाईने प्रश्न लिहीत. ‘हे तुम्ही स्वतः पाहिले की ऐकले?’ असा एक प्रश्न आमच्या निबंधाशेजारी होता. त्या एका प्रश्नावर पुढे आम्ही कितीतरी साक्षीदार तपासले. असा प्रश्न संग्रहात ठेवता येत नाही, कारण तो त्या ओळीसाठी आणि त्या मुलासाठीच सुचलेला असतो.

आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्य-प्रतिबंधाचे विनियम केले. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. 10 ते 40 असल्यास ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, प्रबंध सुधारून द्यावा. 40 ते 60 असल्यास वर्षापर्यंत सुधारित प्रबंध देण्यास बंदी. 60 च्या वर नोंदणी रद्द. पुढच्या वर्षी, 2019 मध्ये, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत ‘शोधशुद्धी’ नावाने विद्यापीठांना सॉफ्टवेअर मिळू लागले. टक्क्यांची ही शिडी आम्हांला पटत नाही. परंतु विनियम नीट वाचले तर त्यांत कामाच्या गोष्टी आहेत, आणि त्या सहसा कोणी वाचत नाही. संदर्भसूची, योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, कायद्याचा मजकूर, आणि सलग 14 शब्दांपर्यंतचे सामान्य साम्य मोजणीतून वगळावे, असे त्यांत आहे. आरोप झाल्यास विभागाच्या समितीने नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांनुसार चौकशी करावी, असेही आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गृहपाठ, प्रकल्प-अहवाल, निबंध, उत्तरपत्रिका यांना हे विनियम लागूच नाहीत, असे व्याख्येतच म्हटले आहे.

याचा उपयोग आम्हांला प्रत्यक्ष झाला. आमच्या एका माथाडी सभासदाची मुलगी समाजकार्याचे शिक्षण घेत होती. तिने माथाडी कामगारांवर प्रकल्प लिहिला. तो ‘38 टक्के’ एवढाच शेरा होऊन परत आला. वर कोणाची सही नाही, खाली कारण नाही. आम्ही तिला सांगितले, की प्रथम अहवालाची पूर्ण प्रत माग. आरोपपत्रासोबत पुरावा मिळालाच पाहिजे. तो मिळवण्यास तिला तीन खेटे घालावे लागले. जुळलेला बहुतेक मजकूर म्हणजे 1969 च्या माथाडी अधिनियमाची कलमे, संदर्भसूची आणि प्रश्नावली! कलमे स्वतःच्या शब्दांत लिहिली असती तर यंत्र खूश झाले असते आणि कायदा मात्र चुकीचा झाला असता. मुलीने विनियमांची प्रत जोडून अर्ज दिला. प्रकल्प मूळ रूपात स्वीकारला गेला. तो 38 चा आकडा लिहिला कोणी, हे मात्र अखेरपर्यंत कळले नाही.

मराठीत लिहिणाऱ्याची गोष्ट तर आणखी निराळी. जुन्या फाँटांत टाइप केलेली मराठी संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांच्या खिचडीसारखी साठते. युनिकोडमधल्या त्याच वाक्याशी ती जुळत नाही. इंग्रजी पुस्तकाचे पान भाषांतर करून स्वतःच्या नावावर घातले, तर शब्द जुळवणाऱ्या यंत्राला पत्ता लागत नाही. म्हणजे अट्टल चोर सुटतो आणि कायद्याचे कलम प्रामाणिकपणे उतरवणारी पोर अडकते.

घाईची किंमत मुंबईने 2017 मध्ये मोजली. मुंबई विद्यापीठाने त्या उन्हाळ्यातल्या सर्वच परीक्षांच्या लक्षावधी उत्तरपत्रिका छायाचित्रित करून पडद्यावर तपासण्याचे एकदम ठरवले. तेथे गुण यंत्राने नव्हे, शिक्षकांनीच द्यायचे होते. तरी निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढच्या प्रवेशांचे हाल झाले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. याच्या उलट ऑस्ट्रेलियात पाहा. राष्ट्रीय परीक्षेतले शाळकरी मुलांचे लेखन यंत्राकडून तपासून घेण्याची तेथे तयारी चालली होती. न्यू साउथ वेल्सच्या शिक्षक संघटनेने 2017 मध्ये त्याच पेरेलमन यांच्याकडून अभ्यास-अहवाल लिहवून घेतला आणि प्रश्न चव्हाट्यावर आणला; 2018 च्या आरंभी शिक्षणमंत्र्यांनी योजना सोडल्याचे जाहीर झाले. संघटनेने घोषणांबरोबर अभ्यासालाही पैसा खर्च केला, हे आमच्या मंडळींनी टिपून ठेवावे.

शेवटची पायरी 2023 ची. विद्यार्थी आता यंत्राकडूनच निबंध लिहवून घेऊ लागले, तेव्हा एप्रिलमध्ये टर्नइटिनने यंत्राचे लेखन ओळखणारे यंत्र आणले. येथे तर शेजारी ठेवून पाहायला दुसरा कागदच नाही. केवळ अंदाजाचा आकडा. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतर सात ओळखयंत्रांपुढे परदेशी विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले 91 इंग्रजी निबंध ठेवले. त्यांतले सरासरी निम्म्याहून अधिक यंत्रलिखित ठरले. ज्यांचे इंग्रजी शिकून मिळवलेले, ज्यांची शब्दसंपत्ती मोजकी, त्यांच्यावर संशय. लेखनयंत्र बनवणाऱ्या ओपन-एआय कंपनीने स्वतःचे ओळखयंत्र जुलैत मागे घेतले. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्नइटिनची ही सोय बंद केली आणि हिशेब मांडला : 2022 मध्ये त्यांच्याकडून 75,000 निबंध तपासणीस गेले होते, कंपनी सांगते त्याप्रमाणे शंभरात एकच चूक धरली, तरी 750 निबंधांवर खोटा ठपका आला असता. आमच्याकडे एका कामगाराची खात्याअंतर्गत चौकशी नीट करायची म्हटली, तर साक्षी-उलटतपासणीला एक दिवस पुरत नाही. एक दिवस पुरतो असे धरले, तरी त्या 750 चौकशांना सुट्ट्या न घेता दोन वर्षांहून अधिक काळ लागला असता. आणि त्यांत मुख्य साक्षीदार, म्हणजे ते यंत्र, एकाही प्रश्नाला उत्तर देण्यास पिंजऱ्यात उभे राहिले नसते.